पोट त्याचं, हुकूम माझा

ईशान आणि मीरा, परवा व्हिडिओवर तुम्ही तुमचा कुत्रा, मफिन, दाखवलात. सोफ्याखाली तोंड खुपसून, पोट आत ओढून बसला होता बिचारा. ‘आजी, याला काहीच पचत नाही, काय द्यायचं?’ असं मीराने विचारलं आणि मी ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून मोकळी झाले. ते उत्तर बरोबरच होतं आणि आज विचारलंत तरी तेच देईन. पण फोन ठेवल्यावर शकूताई आठवल्या. काय खायला द्यायचं ते डॉक्टर सांगतात. काय द्यायचं नाही हे अख्ख्या जगाला ठणकावून सांगायला मात्र शकूताईंसारखं कुणीतरी लागतं.

म्हणून हे लिहिते आहे. मराठी वाचायला वेळ लागेल, अडलं तर आईला विचारा.

शकुंतला जाधव साताऱ्याकडच्या. यजमान कर्नल. बदल्यांवर बदल्या झाल्या, शेवटची चंदीगडला, आणि निवृत्तीनंतर ते दोघं इथेच राहिले. तुमच्या आजोबांचंही तसंच झालं. केंद्र सरकारच्या नोकरीत इथे आलो आणि परत जायचं राहूनच गेलं. आमच्या ओळीत दोन घरं सोडून त्यांचं तळमजल्याचं घर होतं. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा कर्नलसाहेब नुकतेच गेले होते. लोक भेटायला येत, हळू आवाजात बोलत. शकूताई त्यांना म्हणत, ‘मोठ्यांदा बोला, मला ऐकू येत नाय असं कुणी सांगितलं?’

सकाळी त्या फिरायला निघायच्या त्या कर्नलसाहेबांचा निळा ब्लेझर चढवून. खाली सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, ब्लेझरच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. ‘एवढं चांगलं कापड, कपाटात ठेवून कुणाला दाखवू?’ म्हणायच्या. आयुष्य छावण्यांमध्ये गेलं तरी त्यांची हिंदी साताऱ्याच्या बाहेर पडली नाही. भाजीवाल्याला त्या ‘भैया, ये भेंडी जून हो गया है’ असं सांगत आणि तो भैया निमूटपणे कोवळी भेंडी काढून देई. त्यांचं म्हणणं समोरच्याला कळायचं. रागात असल्या तर जास्तच कळायचं.

ब्लेझरच्या मागे सुभेदार. सुभेदार म्हणजे त्यांचा कुत्रा. डॅशहुंड आणि आणखी कशाचं तरी मिश्रण. पाय आखूड, अंग लांबोडकं, आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत काळाकुळकुळीत. नाव कर्नलसाहेबांनी ठेवलेलं. पलटण खरी सुभेदार चालवतो, कर्नल नुसता सही करतो, असं ते म्हणायचे. ते गेल्यावर शकूताई म्हणाल्या, ‘आता सही करणारं कुणी नाय. आता आम्ही दोघंच पलटण.’

एका हिवाळ्यात सुभेदार जेवेनासा झाला. मग उलट्या. मग तो पुढचे पाय जमिनीला टेकवायचा, मागचा भाग वर ठेवायचा आणि तसाच थांबायचा, जणू कुणाला नमस्कार करतो आहे. कॉलनीतल्या लोकांना भारी गंमत वाटली. कुणी व्हिडिओ काढला, कुणी म्हणालं, ‘देखो, सुभेदार साब माथा टेक रहे हैं.’ शकूताईंनी एकदाच पाहिलं. ‘ही गंमत नाय,’ त्या म्हणाल्या. ‘ह्याचं पोट दुखतंय.’

मोहालीला एका जनावरांच्या डॉक्टरांकडे त्याला नेलं. मीही गेले, कारण रिपोर्ट इंग्रजीत असत आणि ‘तू कॉन्व्हेंटची, तू वाच’ असा हुकूम होता. डॉक्टर तरुण सरदारणी होती, शांत आणि स्पष्ट बोलणारी. सुभेदाराचं स्वादुपिंड सुजलं होतं. चरबी पचवण्याची त्याची ताकद गेली होती.

‘आंटी जी, फैट अब इसके लिए ज़हर समझो.’

‘तूप?’ शकूताईंनी विचारलं. ‘मतलब घी?’

‘नहीं.’

‘मलाई?’

‘नहीं.’

‘पनीर? मख्खन? परांठे का एक टुकडा?’

‘आंटी जी,’ ती मुलगी हसून म्हणाली, ‘चंडीगढ़ में जो-जो अच्छा लगता है, वो सब नहीं.’

मग तिचं हसू मावळलं. हा आजार उलटतो, असं तिने सांगितलं. एखाद-दुसरा झटका तो सोसेल, पण त्याचं वय झालं आहे, अंग लहान आहे. वारंवार झालं तर वाचणार नाही. ‘बाकी दवाई मेरी, खाना आपका.’

त्या संध्याकाळी पुण्याहून अजितचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. मी तिथेच होते. शकूताई फोन नेहमी स्पीकरवर ठेवायच्या, आपलं बोलणं चोरून ऐकायची कुणावर वेळ येऊ नये म्हणून. अजित चांगला मुलगा आहे. पोटतिडकीनेच बोलत होता. ‘आई, तू एकटी, तुझे गुडघे असे. त्याला किती दिवस ओढणार? त्यालाही त्रास, तुलाही त्रास. डॉक्टरांना सांगून इंजेक्शन दिलं तर शांतपणे झोपेल तो.’

शकूताईंनी सुभेदाराच्या पाठीवरचा हात उचलला नाही. ‘अजित,’ त्या म्हणाल्या, ‘उद्या माझं पोट बिघडलं की माझ्यासाठीबी हाच सल्ला का?’

‘आई, तसं नाही गं...’

‘नाय ना? मग जेवून घे. तुझी जेवायची वेळ झाली.’ आणि फोन बंद.

त्यानंतर आम्ही कुत्र्याचं खाणं शोधायला निघालो. तुमच्याकडेही दुकानाची एक अख्खी भिंत या पिशव्यांनी भरलेली असेल. सेक्टर सतराच्या दुकानात तशीच होती. विकणारा मुलगा उत्साही. त्याने एक चकचकीत पिशवी काढली. ‘मैडम, ये सैल्मन वाला. ग्रेन फ्री. बच्चा चाट-चाट के खाएगा.’

‘सुलभा,’ शकूताई म्हणाल्या, ‘पिशवी उलटी कर.’

मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. चरबीचा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर. दुसरी पिशवी उलटी केली, तिसरी केली. लहान कुत्र्यांसाठी म्हणून जी खास होती तिच्यात तर चरबी सगळ्यांत जास्त. चवीला चांगली म्हणून. मुलगा चकित होऊन म्हणाला, ‘मैडम, आप पहले कस्टमर हो जो पीछे से पढ़ते हो.’

‘आगे क्या पढ़ने का?’ शकूताई म्हणाल्या. ‘आगे तो कुत्ता हवा में उड़ रहा है. मेरे को उड़ाना नहीं है. पचाना है.’

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली साधी पांढरी पिशवी तेवढी आकड्यात बसली. घरी आणून वाटीत घातली. सुभेदाराने हुंगलं आणि मान भिंतीकडे वळवली. चोवीस तास मान भिंतीकडेच. शकूताईंनी त्यातला एक दाणा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला, थोडा वेळ चघळला आणि म्हणाल्या, ‘पुठ्ठा आहे गं. त्याचं काय चुकलं?’

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांशी भांडायला गेल्या. त्या भांडणाचं वर्णन मी करत नाही, कारण डॉक्टरही हटणारी नव्हती. घरचं शिजवलेलं पुरेसं होत नाही, त्यात काही गोष्टी कमी पडतात, असं तिचं म्हणणं. कुत्रा खाणारच नसेल तर पूर्ण अन्न काय चाटायचं, हे शकूताईंचं. शेवटी तह झाला. घरचं शिजवायचं, तिने दिलेली पावडर त्यात मिसळायची, आणि सुभेदार सावरला की पांढऱ्या पिशवीतले दाणे भिजवून थोडे थोडे वाढवत न्यायचे. मीरा, हे वाचून मफिनला लगेच तसं करू नकोस. त्याचं पोट कशाने बिघडलं आहे ते आधी कळू दे.

घरचं म्हणजे काय? कातडी काढलेलं कोंबडीचं छातीचं मांस उकडून, तोंडात विरघळेल इतका मऊ भात, आणि दुधी किंवा लाल भोपळा. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. मांस उकडलेलं पाणी फ्रीजमध्ये गार व्हायला ठेवायचं. वर चरबीचा पांढरा थर धरला की शकूताई तो चमच्याने अलगद उचलायच्या. तेव्हा त्यांचा चेहरा शत्रू जिवंत पकडल्यासारखा व्हायचा. ‘बघ, कसा लपून बसला होता.’ खाली राहिलेल्या पाण्यात भात शिजायचा. चार वेळा थोडं थोडं, ठरल्या वेळी. एक नवीन गोष्ट दिली की ती नीट पचल्याशिवाय दुसरी नाही. मला शिस्त आवडते हे तुम्हाला ठाऊक आहे, पण या बाईंच्या शिस्तीपुढे मी ढिली होते.

आणखी एक गोष्ट मी फार उशिरा पाहिली. दुपारी एकदा त्यांच्याकडे जेवायला बसले, तर वरणभात कोरडा. मी तुपाची वाटी शोधू लागले.

‘नाय मिळायचं,’ त्या म्हणाल्या. ‘घरात तूप नाय.’

‘ताई, तुमचं पोट ठणठणीत आहे.’

‘त्याच्यासमोर बसून तूप ओरपायला मला लाज वाटते.’

कॉलनी मात्र ऐकेना. आपल्याकडे पाहुण्याला चहा विचारतात. इथे पाहुणा दिसला की त्याला भरवतात, आणि कुत्राही पाहुणाच. बागेत कुणी बिस्किट पुढे करी, कुणी डब्यातला परांठा. शकूताईंचं एकच वाक्य ठरलेलं, ‘पेट उसका, हुकुम मेरा.’ मराठी माणूस भेटला तर ‘पोट त्याचं, हुकूम माझा.’ काही लोकांना त्या विनोदी वाटल्या, पुष्कळांना आगाऊ. लोहरीला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या आदल्या रात्री, शेकोटीभोवती सगळे जमले होते, तिळाची गजक आणि रेवड्या वाटल्या जात होत्या. आमच्या ओळीतले निवृत्त ब्रिगेडियर प्रेमाने वाकले आणि पनीरचं भजं सुभेदाराच्या नाकाशी नेलं. शकूताईंनी त्यांचं मनगट धरलं. ब्रिगेडियरचं मनगट, सगळ्यांसमोर.

‘कम ऑन, मिसेस जाधव. एक पकोड़ा!’

‘सर,’ त्या ताठ उभ्या राहून म्हणाल्या, ‘आप मेरे मिस्टर से सीनियर थे. सुभेदार के पेट से सीनियर नहीं हैं.’

मग ब्रिगेडियरनी ते भजं स्वतः खाल्लं आणि म्हणाले, ‘येस मॅडम.’

एवढं सगळं करूनही सुभेदार आजारी पडायचाच. आठवडाभर बरा असायचा, शेपटी वर, डोळ्यांत चमक. आणि रविवार उजाडला की पुन्हा तो नमस्कार, पुन्हा उलट्या. शकूताईंनी भोपळा बंद केला. पुढच्या रविवारी तेच. कोंबडी बंद केली, नुसता भात ठेवला. तरी तेच. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि टेबलाशी उभ्या असलेल्या शकूताईंना हळूच सांगितलं, ‘आंटी जी, ऐसा एक और अटैक ये नहीं झेल पाएगा. घर में कोई कुछ दे रहा है?’

‘घर में मैं अकेली,’ शकूताई म्हणाल्या. परत येताना टॅक्सीत त्या आठवडाभरात काय काय शिजवलं ते बोटांवर मोजत होत्या.

घरी पोहोचल्यावर त्यांनी सुभेदाराला मांडीवर घेतलं, त्याचं तोंड पुसलं आणि एकदम थांबल्या.

‘सुलभा. इकडं ये. हुंग.’

‘काय?’

‘ह्याच्या मिशा हुंग.’

मी उभ्या आयुष्यात कुत्र्याच्या मिशा हुंगल्या नव्हत्या. हुंगल्या. औषधांच्या वासाखाली एक उग्र, नाकात चढणारा वास होता. इतकी वर्षं इथे राहून तो मला ओळखता येतो, पण माझ्या स्वयंपाकघरात तो कधीच नसतो.

‘मोहरीचं तेल,’ मी म्हणाले.

‘तुझ्या घरात कुठलं तेल?’

‘शेंगदाण्याचं.’

‘माझ्याबी. मग हे ह्याच्या मिशीला कुठनं लागलं?’

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही दोघी त्यांच्या पडद्याआड बसलो. सुभेदार फाटकाशी उन्हात पडला होता. समोरच्या कोठीचं, म्हणजे बंगल्याचं, दार उघडलं आणि बीजी बाहेर आल्या. बीजी म्हणजे समोरच्या घरातल्या थोरल्या आजी, ऐंशीच्या घरातल्या. सगळी कॉलनी त्यांना बीजीच म्हणे. डोक्यावर ओढणी, हातात घडी घातलेली रोटी, आणि रोटीवरून तेल ओघळत होतं. त्या फाटकाशी कष्टाने वाकल्या. ‘लै मेरा पुत्त,’ घे रे बाळा, म्हणत त्यांनी रोटी गजांतून आत धरली आणि दुसरा हात कपाळाला लावून सुभेदाराला नमस्कार केला.

सुभेदाराने तोंड उघडायच्या आत शकूताई फाटकाशी होत्या. त्यांचे गुडघे दुखतात हे मी त्या दिवशी विसरले. त्यांनी रोटी काढून घेतली.

‘बीजी! ये क्या है?’

‘रोटी है,’ बीजी शांतपणे म्हणाल्या. ‘शनिवार है ना, पुत्त. काले कुत्ते को सरसों का तेल लगा के देते हैं. पंडित जी ने कहा था.’

तुम्हाला हे माहीत नसेल. शनीची पीडा टळावी म्हणून शनिवारी काळ्या कुत्र्याला मोहरीच्या तेलाने माखलेली रोटी घालायची, अशी इकडे पुष्कळ घरांत रीत आहे. बीजींच्या नातवाचा कॅनडाचा व्हिसा नामंजूर झाला होता. पंडितजींनी उपाय सांगितला, आणि काळा कुत्रा तर देवानेच समोरच्या फाटकात बसवलेला.

‘शकुंतला, मैंने तेरे सुभेदार को रोटी डाली, और वीज़ा लग गया!’ बीजींचे डोळे भरून आले. ‘तेरा कुत्ता कुत्ता नहीं है. देवता है.’

‘देवता मर रहा है, बीजी,’ शकूताई म्हणाल्या. ‘आपकी रोटी से.’

बीजींना ते शब्द लागले. ‘शनि की रोटी से कोई नहीं मरता,’ असं म्हणून त्या घरी गेल्या आणि दुपारपर्यंत सगळी कॉलनी त्यांच्या बाजूला उभी राहिली. खरं सांगायचं तर मलाही त्या म्हातारीची दया आली. नातू पुढच्या महिन्यात निघणार होता आणि तो पोहोचेपर्यंत नेम मोडायचा नाही, असं पंडितजींचं सांगणं होतं. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेशांचा पाऊस पडला. बुज़ुर्ग हैं. एक रोटी से क्या होता है. कुत्ते के लिए कोई ऐसे बोलता है? शकूताई त्या ग्रुपवर कधी काही लिहीत नसत. त्या दिवशी त्यांनी मला फोन हातात दिला आणि म्हणाल्या, ‘लिही.’ मी लिहिलं: ‘मेरे कुत्ते को कोई कुछ न दे. दुआ दे सकते हैं. दुआ में तेल नहीं होता.’

‘ताई, थोडं मऊ करू का?’

‘भात मऊ करतात. हे असंच जाऊ दे.’

पुढच्या शनिवारी उजाडताच त्यांनी फाटकात खुर्ची टाकली. अंगात ब्लेझर, मांडीवर सुभेदार, हातात कर्नलसाहेबांची काठी. शेजारून जाणाऱ्या बायका नजर चुकवून जात होत्या. आदल्या रात्री अजितचाही फोन येऊन गेला होता. कॉलनीतल्या कुणीतरी त्याच्याकडे तक्रार केली होती. ‘आई, त्या बाई ऐंशी वर्षांच्या आहेत. लोकांत राहायचं असतं.’ त्यावर शकूताई म्हणाल्या होत्या, ‘लोकांत राहतेच आहे मी. लोकांना आडवी येते आहे, एवढंच.’

बीजी आल्याच. हातात तीच रोटी. फाटकाच्या अलीकडे एक, पलीकडे एक, अशा दोघी बसल्या. बीजींना बसायला त्यांच्या सुनेने वेताचा मोढा आणून ठेवला. मग बीजींचा बांध फुटला.

‘घर के सामने काला कुत्ता बैठा है, और मैं इस उमर में काला कुत्ता ढूँढने बस अड्डे जाऊँ?’

तो टोमणा होता. शकूताईंनी मात्र तो पत्ता म्हणून ऐकला.

‘चलो,’ त्या उठून म्हणाल्या.

‘कित्थे?’

‘बस अड्डे. आपको काला कुत्ता चाहिए ना? मेरा वाला ड्यूटी पर नहीं है. बीमार है. दूसरा ढूँढेंगे.’

बीजी त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. सून म्हणाली, ‘आंटी जी, मज़ाक मत करो.’ तोवर शकूताईंनी सुभेदाराला माझ्या हातात दिलं होतं आणि रिक्षा थांबवली होती. ‘सुलभा, ह्याला घेऊन तूबी बस. घरी ठेवला तर कुणी लाडू भरवंल.’

अशा आम्ही तिघी आणि एक कुत्रा सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावर गेलो. बीजींनी वाटेत ओढणीच्या पदराने डोळे पुसले आणि शकूताईंकडे मुळीच पाहिलं नाही. अड्ड्याच्या मागे ढाब्यांची रांग आहे, तिथे ड्रायव्हर-कंडक्टर जेवतात. शकूताईंनी एका ढाबेवाल्याला विचारलं, ‘भैया, काला कुत्ता है? एकदम काला? पेट पक्का मंगता है.’

‘काला?’ तो हसला. ‘ओ कालिया!’

बाकाखालून जो बाहेर आला त्याला कुत्रा म्हणावं की रेडा, मला कळेना. एक कान फाटलेला, छाती रुंद, रंग डांबरासारखा. ढाब्यावरचे लोण्याचे परांठे खाऊन वाढलेलं शरीर ते. बीजींनी रोटी पुढे केली. एका घासात रोटी गेली, तेलाचे थेंब जमिनीवरून चाटून झाले, आणि कालिया आणखी काही आहे का म्हणून बीजींच्या तोंडाकडे पाहत बसला.

बीजींनी त्याला नीट न्याहाळलं. मग सुभेदाराकडे पाहिलं, जो माझ्या कुशीत थरथरत होता.

‘ये तो तेरे वाले से ज़्यादा काला है,’ त्या म्हणाल्या.

‘मैं क्या बोली?’ शकूताई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर बीजींचा हात कधीतरी सुभेदाराच्या पोटावर आला. डॉक्टरांनी तपासणीसाठी केस काढलेली जागा अजून उघडी होती. ‘इन्नी छोटी जई जान,’ एवढासा जीव, असं त्या पुटपुटल्या. शकूताई बाहेर बघत होत्या, पण त्यांनी सुभेदाराला बीजींच्या मांडीवर सरकवलं.

नातू कॅनडाला पोहोचला. नेम संपला, तरी शनिवारची रिक्षा चालूच राहिली. बीजींना कालियाची सवय लागली होती. व्हिसा मात्र सुभेदारामुळेच लागला, यावर त्या शेवटपर्यंत ठाम होत्या, आणि शकूताईंनी त्यावर कधी वाद घातला नाही. ‘त्याच्या नावावर एक चांगलं काम जमा होतंय, होऊ दे की.’ सुभेदाराचे रविवार निवले. पांढऱ्या पिशवीतले दाणे भिजवून, भातात लपवून, हळूहळू त्याच्या अंगवळणी पडले. डॉक्टरांनी ज्याची आशा सोडली होती तो पुन्हा ब्लेझरच्या मागे ठुमकत फिरायला लागला. आखूड पाय, लांबोडकं अंग, आणि पोट पूर्वीपेक्षा सडपातळ.

मग एका वर्षी साताऱ्याला शकूताईंची धाकटी बहीण न्हाणीघरात घसरून पडली. तिला दुसरं कुणी नव्हतं. शकूताईंनी चंदीगडचं घर सोडायचं ठरवलं. अजित म्हणाला, ‘आई, विमानाने ये, सुभेदाराला तिथेच कुणाकडे तरी दे. इतका प्रवास त्याला झेपणार नाही.’ त्यांनी लांबच्या पल्ल्याची टॅक्सी ठरवली. गॅसची छोटी शेगडी घेतली, कुकर घेतला, बर्फाच्या डब्यात उकडलेलं मांस घेतलं. ‘वाटेत थांबून शिजवीन,’ म्हणाल्या. ‘कर्नलसाहेबांची पलटण शिजवतच हिंडायची.’

निघायच्या सकाळी धुकं होतं. ओळीतले सगळे शाली गुंडाळून बाहेर आले होते. ब्रिगेडियरनी हात जोडले, पण सुभेदारापासून दोन पावलं लांब राहूनच. शकूताई ब्लेझर घालून पुढच्या सीटवर बसल्या. सुभेदार मांडीवर, अंगात लाल स्वेटर. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि बीजी सुनेचा हात धरून आल्या. हातात स्टीलचा डबा.

‘ये उसका है. रास्ते का,’ त्या म्हणाल्या. ‘चावल, लौकी. घी नहीं डाला. तेल नहीं. नमक भी नहीं.’ ‘सारी उमर मैंने किसी को अपने घर से बिना घी के विदा नहीं किया, शकुंतला. तेरे कुत्ते ने ये दिन भी दिखा दिया.’

आम्ही सगळे गहिवरलो. शकूताईंनी डबा घेतला, तिथेच उघडला आणि नाक आत घालून हुंगला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सून खाली बघायला लागली. शकूताईंनी एक शीत उचललं, दोन बोटांत चुरडलं, बोटं उजेडाकडे धरून चकाकतात का ते पाहिलं.

‘सूंघ ले, सूंघ ले,’ बीजी म्हणाल्या. ‘मैं भी यही करती.’

‘पक्का,’ शकूताई म्हणाल्या. डबा बंद करून त्यांनी तो ब्लेझरच्या आत, छातीशी धरला. मग खिडकीतून हात काढून बीजींचा हात हातात घेतला.

गाडी निघाली. धुक्यात तिचे मागचे लाल दिवे दिसत होते. वळणावर ती हळू झाली, आणि आतला दिवा लागलेला असल्यामुळे मला स्वच्छ दिसलं. ड्रायव्हर, भला माणूस, एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने क्रीमचं बिस्किट सुभेदाराच्या नाकाशी नेत होता. ब्लेझरची दुमडलेली बाही वर उठली. खिडकी अजून उघडी होती, म्हणून धुक्यातून सगळ्या ओळीला ऐकू आलं:

‘भैया! पेट उसका, हुकुम मेरा!’

बिस्किट मागे गेलं. गाडी वळली.